मूकपटाच्या पाट्या

मूकपट करायचा म्हणजे आधी आवाज काढायचा, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आवाज काढायला एक सेकंद लागतो. बटण दाबलं की गेला. वेळ खातात त्या पाट्या. पडद्यावर माणूस बोलतो, त्याचे ओठ हलतात, मग काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत तो काय बोलला ते दाखवायचं, आणि पुन्हा तो माणूस. ती पाटी लिहितो कोण आणि लिहितो काय, यावर सगळं आलं. हे मी गेल्या श्रावणात शिकलो, एकोणपन्नासाव्या वर्षी, माझ्या मोठ्या भावाकडून. शिकलो म्हणजे पकडला गेलो.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. सुरतेत, लिंबायतमध्ये, दादाच्या घरावरच माझी एक खोली आहे, तिथे कॉम्प्युटर आणि दोन पडदे. राहायला मी दोन गल्ल्या पुढे आहे. खाली दादा आणि वहिनी. दादा अठ्ठावन्नचा. सतराव्या वर्षी गावाहून आला आणि लूमवर उभा राहिला तो कान पूर्ण जाईपर्यंत. आता दोघं नवराबायको घरबसल्या साड्यांना खडे चिकटवतात. दादाला ऐकू येत नाही हे आमच्याकडे कुणाला विशेष वाटत नाही. गल्लीत त्याच्यासारखे सात-आठ जण आहेत. लूमच्या खात्यात वीस-पंचवीस वर्षं काढली की कान जातात. केस पांढरे व्हावेत तसं ते धरून चालतात.

खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, तोंडाने बोलण्यात अर्थच नसतो. शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी कळत नाही. म्हणून तिथले लोक आवाज न काढता बोलतात. ओठ नीट हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. धागा तुटला, चहा आला, मुकादम येतोय, सगळं ओठांवर. संध्याकाळी शेठचा माणूस दुरूनच विचारतो, आज किती ताके, म्हणजे कापडाचे तागे, निघाले, आणि हा इकडून नुसते ओठ हलवून आकडा सांगतो. दादा मला लहानपणी म्हणायचा, "आमच्याकडे वर्गासारखी शांतता असते बघ. फक्त मशीनचा आवाज."

आमच्या गल्लीत खानदेशची वस्ती. श्रावणात कानबाई देवी बसते, दुसऱ्या दिवशी तिचं विसर्जन होतं, आणि त्या संध्याकाळी गल्लीत पिक्चर दाखवायची पद्धत आहे. आमचे बहुतेक लोक त्या दिवशी खात्यात जात नाहीत. पडदा म्हणून लूमवरचं कोरं कापड, ज्याला इथे ग्रे म्हणतात, ते दोन घरांच्या मध्ये ताणून बांधायचं. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या विणकरांना मानाने खुर्च्या. ते बिचारे दहा मिनिटं बसतात आणि चहाच्या निमित्ताने उठून जातात.

वहिनीच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एवढे पिक्चरवाले ना? मग ह्या लोकांसाठी करा की काहीतरी. वर्षानुवर्षं नुसता पडदा बघायला बसवता."

(घरात आम्ही अहिराणीच बोलतो. इथे बरंचसं सरळ करून लिहितो आहे. काही वाक्यं मात्र सरळ होत नाहीत, ती तशीच ठेवतो.)

माझ्याकडे एक पिक्चर होता. चार वर्षांपूर्वी इथल्याच एका हौशी माणसाने अहिराणीत विनोदी सिनेमा काढला होता. वरात चुकीच्या गावात जाते आणि तिथेच मुक्काम पडतो, अशी गोष्ट. त्याचं एडिटिंग मी केलं होतं, सगळा माल माझ्या हार्ड डिस्कवर होता. निर्मात्याला फोन केला. तो म्हणाला, "कर रे बाबा, काय करायचं ते कर. रंगीत कुणी बघितला नाही, काळापांढरा तरी बघतील."

महिनाभर मी त्याच्यात रमलो. दोन तासांचा पिक्चर पन्नास मिनिटांवर आणला. हल्लीचा कॅमेरा सारखा फिरत असतो, तसले सगळे शॉट काढून टाकले, लांबून घेतलेले स्थिर शॉट ठेवले. रंग घालवला. चौकट जवळजवळ चौकोनी केली. मधली मधली फ्रेम उडवली, तशी माणसं लगबगीने, झटके देत चालायला लागली. फिल्म घासल्यासारखे ओरखडे टाकले, उजेड जरासा थरथरता केला, प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी काळं वर्तुळ आकसत नेऊन नवरदेवाच्या तोंडावर बंद केलं. खूप वर्षांनी एखादं काम मी स्वतःसाठी करत होतो.

मग पाट्या. पाट्यांसाठी मी पिक्चरमधले संवाद ऐकून उतरवून घेतले आणि थोडे सुबक केले. इथे एक गोष्ट मला माहीत होती, ती मी मनावर घेतली नाही. आमची हिरोईन सुरतचीच गुजराती मुलगी. तिला अहिराणीचा एक शब्द येत नव्हता. शूटिंगला ती वाक्यांच्या जागी आकडे म्हणायची, तोंडावर भाव आणून, आणि नंतर दुसऱ्या बाईचा आवाज लावायचा. तो आवाज मीच बसवला होता. तेव्हा आम्ही सगळे खूप हसलो होतो. आता तर आवाजच नाही, मग कुणाला काय कळणार, असा माझा हिशेब. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांपुढे, ज्यांनी आयुष्यभर ओठ वाचून पोट भरलं त्यांच्यापुढे, मी हा हिशेब केला.

खेळ सुरू झाला संध्याकाळी साडेसातला. पहिली पंधरा मिनिटं छान गेली. पुढच्या रांगेतलं कुणी उठलं नाही. दादा मधल्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून. मग विहिरीचा प्रसंग आला. हिरोईन डोळ्यांत पाणी आणून नवरदेवाकडे बघते आणि काहीतरी बोलते. पाटी आली: "तुझ्याशिवाय या गावात माझं कोण आहे?"

पुढच्या रांगेत एकदम हशा पिकला.

मागचे लोक चक्रावले. रडण्याचा प्रसंग, आणि म्हातारे पोट धरून हसताहेत. शेजारचे एक काका, दादाच्याच खात्यातले, उभे राहून मागे वळून ओरडले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. "अरे, ती रडत नाहीये! मोजतेय, मोजतेय!"

"काय मोजतेय?"

"ताके मोजतेय! सत्तावीस, अठ्ठावीस..."

पडद्यावर ती पुन्हा बोलली. पाटी आली: "मला सोडून जाऊ नकोस." काका म्हणाले, "एकोणतीस निघाले, अजून प्रेम चालूच!" मग सगळी गल्लीच हसायला लागली. पाटी आली की मागचे विचारायचे, "काका, खरं काय म्हणाली?" आणि पुढची रांग एका सुरात सांगायची. एका जागी नवरदेव आईच्या पाया पडून काही बोलतो. माझी पाटी होती "आई, आशीर्वाद दे." खरं त्याने म्हटलं होतं, "लाइट डोळ्यात येतोय रे भो." तेही त्यांनी वाचलं. एवढी दाद मिळालेला पिक्चर आमच्या गल्लीत झाला नव्हता. वहिनी डोळे पुसत होत्या.

मीही हसत होतो. तेवढ्यात दादा माझ्याकडे वळून त्याच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाला, "गुजरातीमा मोजी राहिनी ना रे ती?"

मी मान हलवली. आणि हसणं माझ्या तोंडावरच थांबलं.

कारण माझी समजूत होती की दादाला गुजराती ओठांवरून कळत नाही. अहिराणी कळते, हिंदी कळते, गुजराती नाही. ही समजूत मी पंचवीस वर्षं जपून ठेवली होती. तिच्यावरच मी उभा होतो.

आता ते सांगतो. सांगायला बसलो आहे म्हणूनच हे सगळं लिहिलं.

दादा तेव्हा तिशी ओलांडलेला, मी चोविशीचा. वडील नव्हते. त्याच्या एका कानातून शिट्टीसारखा आवाज यायचा, दुसऱ्याने अर्धवट ऐकायचा. वहिनींनी फार मागे लागून त्याला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं, रिंग रोडकडे, आणि बरोबर मला दिलं, कारण मी शिकलेला. डॉक्टर म्हातारे, भले गृहस्थ. त्यांनी तपासलं आणि माझ्याकडे बघून गुजरातीत म्हणाले, "एक कान तो गयो. बीजो बचाववो होय तो लूम छोडावो. आजे ने आजे." एक कान गेला; दुसरा वाचवायचा असेल तर लूम सोडायला लावा, आजच्या आज.

दादा डॉक्टरांच्या समोर स्टुलावर बसला होता. बाहेर आल्यावर त्याने भुवई उडवून विचारलं, काय म्हणाले?

मी पावती पालथी केली आणि तिच्या मागे लिहिलं: "मळ आहे. थेंब टाकायचे. काळजीचं कारण नाही."

तो कागद म्हणजे मी लिहिलेली पहिली पाटी.

का लिहिलं, ते मी स्वतःला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. घर कसं चाललं असतं, वगैरे. खरं कारण लहान आहे. खात्यात एक रीत होती. माणूस सुटला की त्याची जागा त्याच्या भावाला. शेठ बाहेरचा माणूस घेत नसे, भाऊ बसवत असे. दादा सुटला असता तर दुसऱ्या दिवसापासून त्या बारा लूमच्या मध्ये मी उभा असतो. मी त्या वेळी नुकताच एडिटिंगच्या क्लासला जायला लागलो होतो. मला खात्याची भीती वाटायची. लहानपणी दादाला डबा द्यायला जायचो तेव्हाही मी दारातून डबा आत सरकवून पळायचो. तर मी दादाचा कान दिला आणि माझे दोन ठेवले. याहून वेगळ्या शब्दांत ते सांगता येत नाही.

वाटेत मेडिकलमधून मळ मऊ करायचे थेंब घेतले. ते वहिनी टाकायच्या. बाटली मुठीत धरून गरम करायच्या, दादाचं डोकं मांडीवर घ्यायच्या, आणि मोजून थेंब टाकायच्या. दोन हिवाळे. मी समोर जेवत असायचो. बाटली संपली की नवी मी आणायचो. दादा आणखी चार वर्षं लूमवर राहिला, आणि एका पोळ्याच्या सुमारास त्याने सहज सांगितलं, आता मशीनही ऐकू येत नाही.

त्याच काळात कधीतरी मी मिशा वाढवल्या. चांगल्या झुपकेदार, वरचा ओठ झाकणाऱ्या. दादा नेहमी म्हणायचा, "मिशा काप रे, तुनं तोंड दिखत नही." मी हसण्यावारी न्यायचो. जे सांगायचं ते कागदावर लिहून द्यायचो. पुढे फोनवर लिहून दाखवायला लागलो.

खेळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेलो. दादा दाराशी उजेडाला बसून निळ्या साडीवर खडे चिकटवत होता. वहिनी आत मोरीत भांडी घासत होत्या, मधे नुसता पडदा. मी त्याच्यासमोर बसलो आणि फोनवर लिहिलं, "तुला गुजराती ओठांवरून कळते?"

त्याने वाचलं. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं, भांड्यांचा आवाज त्याला येत नाही, पण पडदा हलताना दिसतो. आणि तो खात्यातल्यासारखा बोलला. आवाज न काढता, नुसते ओठ.

मला कळलं नाही.

मी हाताने खूण केली, पुन्हा. तो पुन्हा बोलला, जरा सावकाश. पुन्हा कळलं नाही. सगळा जन्म या माणसाच्या सावलीत काढला आणि त्याचे ओठ वाचायला मी कधी शिकलो नव्हतो. गरजच पडली नव्हती, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. तिसऱ्यांदा त्याने एकेक शब्द वेगळा केला, शाळेत शिकवतात तसा, आणि मी तो त्याच्या तोंडावरून उचलून जुळवला.

"माले तवयच समजनं व्हतं."

मला तेव्हाच कळलं होतं.

मी फोन उचलला. त्याने माझ्या हातावर हात ठेवून तो खाली ठेवायला लावला. लिहू नको, बोल. मी बोललो. आवाज न काढता म्हणालो, मग तू बोलला का नाहीस? त्याने डोळे बारीक केले, मान हलवली, आणि आपल्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. मिशा.

मी वर गेलो. खोलीत कागद कापायची कात्री होती, बेसिनवर लहान आरसा. मिशा कापल्या. वाकड्यातिकड्या कापल्या गेल्या, वरचा ओठ किती पातळ आहे ते मी विसरूनच गेलो होतो. खाली आलो. दादाने मला पाहिलं आणि त्याला हसू आलं, खरंखुरं, आवाजासकट. आतून वहिनी ओरडल्या, "काय झालं हो?" आणि स्वतःच म्हणाल्या, "कुणाला विचारतेय मी."

मी पुन्हा विचारलं. या वेळी त्याने वाचलं.

त्याचं उत्तर मी चार वेळा करून घेतलं, कारण माझ्याकडून ते चुकीचं वाचलं जाईल अशी भीती होती. आशाही होती. तो म्हणाला, "तू काय सांगस ते माले देखनं व्हतं." तू काय सांगतोस ते मला बघायचं होतं. "आज सांगशील, उद्या सांगशील. आठ दिवस पाहिलं. मग म्हटलं, पोराला खातं नको असेल."

"आणि थेंब?"

त्याने खांदे उडवले. "ती मांडीवर डोकं घ्यायची," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, त्याला माहीत आहे हे कळलं की माझं ओझं उतरेल. उतरलं नाही. इतकी वर्षं मी एका फसलेल्या माणसासमोर जेवत होतो असं समजत होतो. तसं नव्हतं. मी अशा माणसासमोर जेवत होतो जो रोज मला एक संधी देत होता, आणि मग एके दिवशी त्याने ती देणं सोडून दिलं, रागावून नाही, नुसतंच.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी पाट्या नव्याने लिहिल्या. गल्लीने पिक्चर पुन्हा मागितला होता, पण "खऱ्या पाट्यांचा". दादा वरच्या खोलीत माझ्या शेजारी बसायचा. मी एकेक शॉट थांबवायचो, तो ओठ वाचून सांगायचा, मी टाइप करायचो. तो सांगेल तेच. एका जागी हिरोईनचं तोंड अर्धं वळलेलं होतं. मी म्हटलं, चौतीस टाकू का, तेहतीसनंतर तेच येणार. दादा म्हणाला, "दिखत नही तर टाकू नको." ती पाटी आम्ही कोरी सोडली. पडद्यावर दोन सेकंद नुसती काळी चौकट येते. गल्लीत त्या कोऱ्या पाटीला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

काम संपलं त्या दिवशी जिना उतरता उतरता दादा थांबला. आणि आता आवाज काढून बोलला, हळू बोलतोय असं त्याला वाटत होतं, पण अख्ख्या जिन्यात घुमलं. "तिले सांग."

मी म्हणालो, वहिनींना? कशाला? तुला माहीत आहे ना. झालं की.

"माले ऐकू येत नही. तिले येस." मला ऐकू येत नाही, तिला येतं. मग तो म्हणाला, हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण ते माझं सांगायचं नव्हतं. तुझं आहे.

त्याच्यासमोर आवाज न काढता बोलणं मला जमलं होतं. तो म्हणत होता, आता आवाज काढून बोल.

वहिनी दाराशी बसल्या होत्या, मांडीवर हिरवी साडी, वाटीत खडे. दादा पलीकडे भिंतीला टेकून बसला आणि त्याने आपली साडी ओढून घेतली. मी उंबऱ्यावर बसलो. वहिनी म्हणाल्या, "मिशा काढल्या ते बरं केलं भाऊ. माणूस दिसायला लागला." मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, मी पावतीमागे काय लिहिलं, का लिहिलं. डॉक्टरांचं वाक्य गुजरातीत जसं होतं तसं म्हणालो. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वहिनी खडे चिकटवत राहिल्या. एक ओळ पूर्ण केली, कोपऱ्यापर्यंत. मग वर न बघता विचारलं, "मग ते थेंब कसले होते?"

"मळाचे," मी म्हणालो. "मळ मऊ करायचे. साधे."

"मी मोजून टाकायचे," त्या म्हणाल्या. "चाराचे पाच होऊ नयेत म्हणून."

त्यांनी वाटीतून पुढचा खडा उचलला. मला उठून जावंसं वाटलं, निदान रस्त्याकडे तोंड करावंसं वाटलं. पण समोर दादाने हातातलं काम थांबवलं होतं आणि तो आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहत होता, एकदा तिच्या, एकदा माझ्या. मी तोंड फिरवलं असतं तर त्याला वाचता आलं नसतं. मी तसाच बसून राहिलो, त्यांच्याकडे तोंड करून, वहिनी जे म्हणतील त्याची वाट बघत.